तीन नंबरचा बावटा

रत्नागिरी,
मे महिन्याचा शेवटचा शनिवार

मा. व्यवस्थापकसाहेब यांसी,


हे पत्र पाकिटात घालून तुमच्या टेबलावर ठेवता आलं असतं. पण टेबलावर ठेवलेल्या पाकिटांचं पुढे काय होतं ते मला ठाऊक आहे, कारण आवक-जावकचं रजिस्टर माझ्याकडे असतं. आधी नंबर पडतो, मग तारीख पडते आणि दोन दिवसांनी पाकीट लिहिणारा पडतो. म्हणून चारचौघांसमोर लिहितो. तुमचं नाव लिहीत नाही, कारखान्याचंही नाही. आंब्याचा रस डब्यात भरणारे कारखाने जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि साहेब तर त्याहून पुष्कळ. चोराच्या मनात चांदणं असतंच. ज्याला उजेड पडायचा त्याला पडेल.

सर्वप्रथम अभिनंदन. आपल्या तक्रारपेटीला परवा एक वर्ष पूर्ण झालं आणि वर्षभरात तिच्यातून एकही तक्रार निघाली नाही. किल्ली माझ्याकडे असते, तेव्हा उघडण्याचा मानही माझाच. आत पालीची दोन अंडी आणि एसटीचं एक तिकीट निघालं. तुम्ही पेटीचा फोटो काढून मुंबई ऑफिसला पाठवलात, खाली लिहिलंत, ‘शून्य तक्रारी’. मुंबईहून अंगठा आला. त्या दिवशी तुम्ही दुपारी जेवताना गुणगुणत होतात, असं डबा नेणाऱ्या पोऱ्याने सांगितलं आणि ती बातमी दहा मिनिटांत पॅकिंगपर्यंत पोहोचली. तुमच्याविषयीच्या बातम्या आमच्याकडे फार वेगाने पोहोचतात. आमच्याविषयीच्या तुमच्याकडे पोहोचत नाहीत, एवढाच काय तो फरक.

बातम्यांचा विषय निघालाच आहे तर गेटपासून सुरुवात करतो. गेटवरचा आपला वॉचमन पूर्वी मिरकरवाड्यातून बोटीवर जायचा. बंदरावर वादळाची सूचना द्यायला बावटा लावतात हे कदाचित तुम्हाला माहीत नसेल; समुद्र तुम्ही पाहिलाय तो गणपतीपुळ्याच्या रिसॉर्टच्या खिडकीतून. तीन नंबरचा बावटा लागला म्हणजे वारा उठणार, बंदरात राहा, शहाणपणा करू नका. तर सकाळी तुमची गाडी वळणावर आली की आपला वॉचमन पाठीमागे हात नेतो आणि बोटं दाखवतो. एक बोट म्हणजे काच खाली आहे, गाणं चालू आहे, सही घ्यायला हरकत नाही. दोन म्हणजे फोन चालू आहे, जपून. तीन बोटं दिसली की धुलाईच्या हौदावरच्या मावश्यांच्या ओव्या बंद होतात, चहावाला किटली घेऊन मागच्या मागे फिरतो आणि मी कालच्या फायली आजच्या फायलींखाली सारतो. तुम्ही गाडीतून उतरायच्या आधी कारखान्याची हवा बदललेली असते. वेधशाळेचा अंदाज चुकतो, आमच्या वॉचमनचा गेल्या सतरा महिन्यांत चुकलेला नाही.

तुम्हाला हे अतिशयोक्त वाटेल. पण याचा अभ्यास झालेला आहे, आणि तो अभ्यास मला तुमच्याच कृपेने वाचायला मिळाला. ते कसं, ते सांगतो.

गेल्या फेब्रुवारीत तुम्ही त्या रिसॉर्टमध्ये दोन दिवसांच्या शिबिराला गेला होता. विषय होता भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व. येताना तीन गोष्टी आणल्यात. एक प्रमाणपत्र, जे चौकटीत बसून तुमच्या खुर्चीमागे लागलं. एक फलक, ज्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. आणि एक जाडजूड फाईल, जी ‘लावून टाका’ म्हणून माझ्याकडे आली. आतली झेरॉक्स पानं एकमेकांना चिकटलेली होती, म्हणजे ती कुणी उलटलेली नव्हती. मी पट्टीने एकेक पान सोडवलं आणि महिनाभर जेवणाच्या सुट्टीत शब्दकोश शेजारी ठेवून वाचलं. शिबिराचे पैसे कारखान्याने भरले, प्रमाणपत्र तुम्हाला मिळालं, विषय माझ्या वाट्याला आला. वाटणी वाईट नाही.

त्या फाईलमध्ये सिगल बार्साडे या अमेरिकन प्राध्यापक बाईंचा २००२ सालचा प्रयोग आहे. विद्यार्थ्यांचे गट केले, प्रत्येक गटाला बोनस कसा वाटायचा हे ठरवायला बसवलं आणि गटात गुपचूप एक नट पेरला. कुठे तो हसतखेळत वागला, कुठे वैतागलेला. त्याचा मूड बाकीच्यांना लागला, आणि त्यांना पत्ताही नव्हता. जिथे चांगला मूड लागला तिथे सहकार्य वाढलं, भांडणं कमी झाली. आपल्याकडे नट पेरावा लागत नाही. तो पगारावर आहे आणि त्याला गाडी दिलेली आहे.

आता तो फलक. कॅन्टीनच्या दारात लावलेला पांढरा फलक, त्यावर चौपन्न नावं, आणि प्रत्येक नावापुढे रोज सकाळी आपापली भावना चिकटवायची. त्यासाठी चुंबकं: हिरवा हसरा चेहरा, पिवळा सरळ तोंडाचा, लाल रडका. कल्पना खरोखर वाईट नव्हती. पहिल्या दिवशी लोकांनी लाजत लाजत चेहरे लावले. आंबा निवडणाऱ्या शिरगावच्या मावशींनी लाल लावला, कारण त्यांचा नवरा इस्पितळात होता. तुम्ही तत्परतेने त्यांना वर केबिनमध्ये बोलावलंत. चाळीस मिनिटं समजावलंत की घरच्या अडचणी घरी ठेवायच्या, कारखान्यात नकारात्मकता आणायची नाही, एका नासक्या आंब्याने आढी नासते. मग खाली फोन करून ती चाळीस मिनिटं त्यांच्या हजेरीतून कापायला सांगितलीत. फोन मीच घेतला होता. कापलीही मीच.

दुसऱ्या दिवशी मावशींचा चेहरा हिरवा होता. तिसऱ्या दिवशी चौपन्नच्या चौपन्न हिरवे. चौथ्या दिवशी मावशींचा नवरा गेला. मावशी बारा दिवस आल्या नाहीत आणि ते बारा दिवस त्यांच्या नावापुढे हिरवा चेहरा हसत राहिला. काढणार कोण? लाल चुंबकं माझ्या ड्रॉवरमध्ये आहेत, एक सोडून सगळी कोरी करकरीत.

आंब्याचा धंदा करता म्हणून एक गोष्ट विचारतो. साका तुम्हाला ठाऊक आहे? तुम्ही रुजू झालात त्याच आठवड्यात त्या शब्दाचा अर्थ विचारला होता आणि मी सांगायच्या आत फोन घेतला होता. हापूसला होतो तो. वरून फळ सुरेख, रंग चढलेला, देठाशी वासही बरा. कापलं की आत पांढरट, पोकळ, आंबूस गर. बाहेरून ओळखता येत नाही, हीच त्याची खोड. काढलेलं फळ तापल्या जमिनीवर उन्हात पडून राहिलं की साका वाढतो, म्हणून जुना बागायतदार झेल्यातून आंबा उतरला की आधी सावलीकडे पळवतो. आपला फलक हिरवा आहे, पेटी रिकामी आहे, हजेरी पूर्ण आहे. वरून माल पहिल्या प्रतीचा. सुरी कुठे लावायची ते मी सांगतो.

गेल्या मोसमात, मे महिन्यात, डब्यांना झाकण दाबणाऱ्या सीमरच्या मशीनचा आवाज बदलला. त्या मशीनवरचा पोरगा पाच वर्षं तिथे उभा होता. त्याला त्या मशीनचा आवाज स्वतःच्या आईच्या खोकल्यासारखा ओळखता यायचा. तो म्हणाला, ‘वायच वेगळा लागतोय.’ म्हणाला कुणाला? मावश्यांना. वॉचमनला. चहावाल्याला. मला. घरी आईला, आणि आईने एसटीत शेजारच्या बाईला. तुम्ही सोडून अर्ध्या रत्नागिरीला ठाऊक होतं की आपल्या कारखान्यातल्या डब्यांचा जोड नीट बसत नाही.

तुम्हाला का नाही सांगितलं? कारण एप्रिलमध्ये याच पोराने वाफेच्या पाइपची एक झडप गळते म्हणून धावत येऊन सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, ‘तूच सांगायला आलास म्हणजे तूच बिघडवलीस ना?’ आणि तीन दिवसांचा खाडा मांडायला लावलात. पोराने हिशेब केला. सांगितलं तर तीन दिवसांचा पगार जातो, गप्प राहिलं तर जात नाही. दहावी नापास होता, पण हे गणित चुकण्यासारखं नव्हतं.

मग भरलेले डबे गोदामात रचले गेले आणि काही दिवसांनी फुगायला लागले. एक, दोन, मग रांगच्या रांग. ३.१ किलोचा एक, असे चारशे डबे, म्हणजे १,२४० किलो हापूसचा रस. आवाराच्या मागे खड्डा खणून पुरला. रस पुरताना मुंग्यांचा आणि माश्यांचा जो सोहळा झाला, तो फोटोत आला नाही. त्या दिवशी तुम्ही फोटो काढले नाहीत.

आणि मग तुम्ही बैठक घेतलीत. ‘मला कुणी का नाही सांगितलं?’ असं ओरडून विचारलंत. साहेब, त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य होतं ते अगदी खरं होतं, एवढं मी शपथेवर सांगेन. तुम्हाला खरोखर कळत नव्हतं. कुणी बोललं नाही. नुकसान सगळ्यांच्या पगारातून हप्त्याने कापायचं ठरलं आणि सगळ्यांनी खाली सह्या केल्या. टिळक आळी ज्या गावात आहे त्या गावात, न खाल्लेल्या शेंगांची टरफलं चौपन्न माणसांनी निमूट उचलली. टरफलांची ती गोष्ट खरी की मागाहून रचलेली, यावर वाद घालणारे घालोत. आमच्यापैकी कुणाविषयी तशी गोष्ट रचायची वेळ कुणावर येणार नाही, हे नक्की. माझीही सही आहे. दुसऱ्या क्रमांकाला.

पोरगा मोसम संपल्यावर लोट्याला केमिकलच्या कारखान्यात गेला. तिथे म्हणे त्याला काहीतरी वेगळा वास आला तर सांगायचा पगार मिळतो.

तुमच्या त्या फाईलमध्ये याचंही उत्तर होतं, चिकटलेल्या पानांत. एमी एडमंडसन नावाच्या बाई हार्वर्डमध्ये आहेत. नव्वदच्या दशकात त्यांनी इस्पितळांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, ज्या वॉर्डात माणसं चांगली जुळलेली, प्रमुख चांगली, तिथे औषधांच्या चुका कमी सापडतील. आकडे उलटे निघाले. चांगल्या वॉर्डात चुका जास्त! बाई आधी गोंधळल्या. मग उलगडा झाला की चुका जास्त होत नव्हत्या, सांगितल्या जास्त जात होत्या. जिथे सांगितलं तर डोकं उडत नाही, तिथे माणसं सांगतात. वाईट वॉर्डाचं रजिस्टर मात्र स्वच्छ, आपल्या तक्रारपेटीसारखं. त्या पानाच्या समासात मी पेन्सिलीने पालीची दोन अंडी काढून ठेवली आहेत.

गोलमनचं नाव तर शिबिरात तुमच्या कानावर पडलं असणारच, प्रमाणपत्रावरही आहे. डॅनियल गोलमन. त्यांचं भावनिक बुद्धिमत्तेवरचं पुस्तक १९९५ साली आलं आणि गाजलं, पण माझ्या दृष्टीने मजेचा तो त्यांचा २००० सालचा लेख. ३,८७१ अधिकाऱ्यांच्या पाहणीच्या आधारे त्यांनी नेतृत्वाच्या सहा तऱ्हा मांडल्या आहेत आणि कुठल्या तऱ्हेने कामाच्या जागेची हवा कशी होते ते तपासलं आहे. चार तऱ्हांनी हवा सुधारते. कुठे जायचंय ते लोकांना दाखवणारा, माणसं जोडणारा, विचारून करणारा आणि शिकवून तयार करणारा, या त्या चार. दोन तऱ्हांनी हवा बिघडते. एक म्हणजे ‘सांगतो तेवढं कर’, आणि दुसरी म्हणजे ‘माझ्याइतक्या वेगाने कर, नाहीतर सरक, मी करतो’. सहापैकी नेमक्या दोन बाद, आणि तुम्ही नेमक्या त्याच दोन उचलल्यात. अंधारात हात घालूनही माणसाला इतकं अचूक साधत नाही. न्याय म्हणून हेही लिहितो की हुकूम सोडणारी तऱ्हाही आणीबाणीत उपयोगी पडते असं गोलमनच म्हणतात. बरोबरच आहे. आग लागल्यावर कुणी मतदान घेत बसत नाही. पण तुम्ही झाडू खरेदीच्या वेळीही आग लागल्यासारखे वागता.

झाडूवरून श्रीधरन आठवले. मागच्या वर्षी तुम्ही कुठेतरी वाचलंत की कोकण रेल्वे बांधताना ई. श्रीधरन यांनी दिवस उलटे मोजणारी घड्याळं लावली होती. आठवड्याभरात आपल्याकडे तसलं घड्याळ आलं, लाल आकड्यांचं. त्यात ‘लक्ष्यपूर्तीला उरलेले दिवस’ दिसतात आणि लक्ष्य कुठलं ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही. माणसं त्यात पाहून गणपतीला किती दिवस उरले ते मोजतात. घड्याळ होतं, हे खरं. १९९० साली महामंडळ झालं आणि २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर गाड्या सुरू झाल्या, तेही या डोंगरांतून, या पावसातून. इथून जवळच करबुड्याला साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे, पानवलला पुलाचे खांब मान वाकडी करून पाहावे लागतात. पण घड्याळाबरोबर त्यांनी आणखी एक केलं होतं. निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार जागेवरच्या मुख्य अभियंत्यांच्या हातात दिले होते. फाईल वरपर्यंत जाऊन परत येईपर्यंत डोंगर थांबत नाही, हे त्यांना कळत होतं. तुम्ही त्यातलं घड्याळ तेवढं घेतलंत. दोन झाडू, एक सुपली आणि फिनेलच्या डब्यासाठी तुमची सही मिळायला आम्हाला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत लाल आकडे मात्र अगदी वक्तशीर उतरत होते.

शिवजयंतीचं तुमचं भाषणही मी विसरलेलो नाही. ‘महाराज असते तर तुमच्यातल्या अर्ध्यांचा कडेलोट केला असता,’ असं म्हणालात. टाळ्या पडल्या, तीन नंबरचा बावटा होता. पण महाराजांचं एक पत्र आहे, आपल्याच जिल्ह्यात आलेलं, साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका मे महिन्यात. चिपळूणजवळ पावसाळ्यासाठी लष्कराची छावणी पडली होती, तिथल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना पाठवलेलं. माझ्यासारख्या कारकुनाला ते पत्र स्वतःला आल्यासारखं वाटतं, म्हणून मी ते अनेकदा वाचलं आहे. त्यात हुकूम आहे, धाकही आहे. पण प्रत्येक हुकमाला ‘का’ जोडलेलं आहे. दाणा-वैरण आत्ता उधळलीत तर भर पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल. मग तुम्ही गावात शिराल, कुणाचे दाणे, कुणाची भाजी उचलाल. रयत घरं सोडून जाईल, तिला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील. पुढे तर कमाल आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं गवत जाईल. आणि गवत गेल्यावर कितीही माणसांच्या माना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी एक काडी मिळायची नाही.

साहेब, हा मजकूर राज्य उभं करणाऱ्या माणसाचा आहे. त्याला उंदराची वात ठाऊक होती. गडावरून उंदीर दिसत नाही. मला नेहमी वाटतं, कधीतरी कुठल्या तरी पागेतल्या साध्या माणसाने ‘महाराज, उंदराने वात नेली’ हे त्यांना सांगितलं असणार; आणि ते सांगितलं म्हणून त्याचा खाडा कुणी मांडला नसणार. तुमच्या सीमरचा उंदीर पाच दिवस वात घेऊन कारखानाभर फिरत होता.

जुन्या साहेबांची आठवण काढली की तुम्हाला राग येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात काढतो. ते काही संत नव्हते. हिशेबात कच्चे, संगणकाला हात लावायला घाबरायचे, उधारी कुणाला दिली ते विसरायचे आणि शिव्या तर अशा द्यायचे की बॉयलरही दोन अंश खाली यावा. कोकणी माणसाला या ठिकाणी फणसाची उपमा देतात. ती मी देणार नाही, प्रत्येक सत्कारात ती ऐकून माझे कान चिकाने भरले आहेत. पण ते रोज सकाळी सात वाजता, पहिली किटली चढायच्या आत, खाली यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, ‘काल काय बिघडलं?’ काय बिघडलं का, असं नाही. बिघडलेलं असणारच, हे धरून. मग मावशी सांगायची की धुलाईचं पाणी तोंडाला खारट लागतंय, क्रेट उचलणारा नेपाळी पोरगा सांगायचा की ट्रकमधला खालचा माल तापलाय. तो पोरगा कुठल्या जिल्ह्यातला, त्याच्या गावी बस जाते का, हे त्यांना माहीत होतं. तुम्ही त्याला ‘ए बहादूर’ म्हणता. त्याचं नाव बहादूर नाही.

त्यांच्या वेळी ते मुंबईला गेले तरी कारखाना तसाच चालायचा. तुम्ही मुंबईला जाता तेव्हा काय होतं ते मी सांगत नाही, पण कुर्ट लेविन नावाच्या माणसाने ते १९३९ सालीच सांगून ठेवलं आहे. हिटलरची जर्मनी सोडून अमेरिकेत आलेला हा शास्त्रज्ञ. हुकूमशाही म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. त्याने आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामं दिली. काही गटांवर हुकूम सोडणारा मोठा माणूस, काहींवर मुलांना विचारून ठरवणारा. हुकूमवाला समोर असेपर्यंत मुलं कामाला जुंपलेली असायची. तो खोलीबाहेर गेला की हात थांबायचे. दुसऱ्या गटांत मात्र मोठा माणूस आत आहे की बाहेर, याने फारसं बिघडायचं नाही. मुखवटे बनवणारी मुलं! आपल्याकडे तर मोठी माणसं मुखवटे घालूनच येतात, कॅन्टीनच्या दारात हिरवे.

गणपतीविषयी लिहावं की नाही याचा विचार करत होतो. कारण त्यात तुमचा दोष सांगायला फारसं काही नाही, केवळ कीव आहे. मोसम संपलेला, कोकमाचं काम आटोपलेलं, आणि तुम्ही भाद्रपदात रजा नाकारलीत, ‘कामाच्या निकडीमुळे’. निकड होती गोदामाच्या कपाटांना रंग देण्याची. मुंबईचे चाकरमानी गाड्यांना लोंबकळत कोकणात येत असताना कोकणातला माणूस घरच्या गणपतीला जाऊ शकणार नाही, असा हुकूम इथे याआधी कुणी काढला असेल असं मला वाटत नाही. त्या दिवशी एकाच वेळी एकवीस जणांना ताप आला. तुम्ही औषधांच्या चिठ्ठ्या मागितल्यात, सगळ्यांनी आणल्या. कपाटं अजून रंगायची आहेत. आणि मग तुम्ही मुंबईला मेल केलीत की रत्नागिरीची माणसं आळशी आहेत. ती मेल टाइप मी केली. ‘आळशी’ हा शब्द तुम्ही चुकीचा लिहिला होता, तो मी दुरुस्त केला. बावीस वर्षांची सवय.

तुमच्या वरच्या केबिनला काळ्या काचा आहेत, त्यातून खालची माणसं दिसतात आणि खालून तुम्ही दिसत नाही. जिना चढून त्या दारापर्यंत जाताना मला दर वेळी थिबा राजा आठवतो. ब्रह्मदेशाचा हा शेवटचा राजा इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवला आणि १९१६ साली तो इथेच वारला. राज्य गेलं होतं, राजवाडा मात्र मिळाला. शाळेच्या सहलीला मुलांना घेऊन गेलं की ती हमखास विचारतात, ‘इथे बसून तो राज्य कुणावर करायचा?’ मला तरी चांगलं उत्तर सुचलेलं नाही.

असो. आता तुम्ही विचाराल की हे सगळं ठाऊक असताना इतके दिवस मी स्वतः काय करत होतो. रास्त प्रश्न आहे. मी रजिस्टर लिहीत होतो. सीमरचा आवाज बदलला त्या आठवड्यातलं यंत्रदेखभालीचं पान माझ्याच अक्षरात आहे, आणि त्यावर पाचही दिवस ‘तक्रार नाही’ असं सुवाच्य लिहिलेलं आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला आज्ञाधारक,
आवक-जावक विभाग

ता. क. – काल दुपारपासून पल्परचा आवाज वायच वेगळा लागतोय. मावश्यांना ठाऊक आहे, चहावाल्याला ठाऊक आहे. आज सकाळी तुम्हाला सांगायला मी जिन्यापर्यंत आलो होतो. पण गेटकडे पाहिलं तर तीन बोटं होती.